एजंटाचा पगार आधी, चेरोकींचा पैसा कधी?



ज्याला वाचता येतं त्यानं हे पान पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवा. लांबलंय, दोन बैठकांत वाचलं तरी चालेल.

मागच्या बैठकीत एका गावानं प्रश्न टाकला. म्हणाले, "आत्ताचा साहेब चांगला आहे. बसायला खुर्ची देतो, नीट बोलतो. तो म्हणतो, दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, सगळे मूळ कागद माझ्याकडे आणून ठेवा, तुमच्या प्लॉटचं काम मी करून देतो. मग द्यायला काय हरकत?" दुसरं गाव म्हणालं, "मुळीच द्यायचे नाहीत." तिसरं गाव गप्प बसलं. भांडण झालं नाही, पण उत्तरही निघालं नाही.

आमचं उत्तर आम्ही इथं लिहितो. त्यासाठी तुम्हाला फार लांब, अमेरिकेत नेणार आहोत. कुणी म्हणेल, आपलं आपल्याला थोडं आहे का? पण तिथल्या आदिवासींसमोर हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी आला होता. त्यांच्याकडंही साहेब आले, वाईट आले आणि चांगलेही आले. त्या साहेबांच्या पगाराचं काय झालं आणि आदिवासींच्या पैशाचं काय झालं, ते सगळं कागदावर शाबित आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच त्यांना लागली, शहाणं आपण व्हायचं.

चेरोकी कोण?

गोरे यायच्या आधीपासून अमेरिकेत राहणाऱ्या लोकांना गोऱ्यांनी 'इंडियन' नाव ठेवलं. कोलंबस हिंदुस्थानच्या वाटेनं निघाला, पोचला तिकडं, आणि समजला की आलो. चूक त्याची, नाव यांच्या माथी. आपल्याच जमिनीवर आपल्याला 'अतिक्रमणदार' म्हणतात, त्यातलीच गत.

त्या अनेक जमातींपैकी एक चेरोकी. आज ज्याला टेनेसी, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामा म्हणतात त्या मुलखातल्या डोंगरांत त्यांची गावं होती. मका, घेवडा, भोपळा पिकवायचे, हरणाची शिकार करायचे. शेत बायकांच्या हातात असायचं. जमीन साऱ्या जमातीची, एकट्यादुकट्यानं विकायची नाही.

अमेरिका इंग्रजांपासून सुटली आणि नव्या सरकारनं चेरोकींशी १७८५ साली होपवेल इथं पहिला करार केला. हद्द ठरली. हद्दीच्या आत गोरे घुसतच राहिले. मग १७९१ साली होल्स्टनचा करार. त्यात चेरोकींची आणखी जमीन गेली, आणि बदल्यात सरकारनं वर्षासन लावून दिलं. किती? साऱ्या जमातीला मिळून वर्षाला १००० डॉलर. चेरोकींचे पुढारी तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियाला, जाऊन भांडले तेव्हा १७९२ साली त्याचे १५०० झाले. १७९४ साली ते बदलून वर्षाला ५००० डॉलरचा माल द्यायचं ठरलं.

हे वर्षासन म्हणजे भीक नव्हती, बक्षीसही नव्हतं. दिलेल्या जमिनीची ती किंमत होती, हप्त्यानं यायची. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण सरकार लवकरच विसरलं.

एकाच हंड्यातला भात

करार झाले की चेरोकींमध्ये राहायला सरकार आपला माणूस पाठवायचं. त्याला एजंट म्हणत. वर्षासन त्याच्या हातून यायचं. गोऱ्यांच्या तक्रारी त्याच्याकडं, चेरोकींच्या तक्रारीही त्याच्याकडं. चरखे, नांगर, गुरं वाटायची तीही त्यानंच. आणि पुढच्या वेळी जमीन मागायची झाली की लोकांचं मन वळवायचं कामही त्याचंच. हा सारा कारभार कुठल्या खात्याकडं होता? युद्धखात्याकडं. आदिवासींचा सांभाळ लढाईच्या कचेरीतून चालायचा.

(हे नाव आपल्याला परकं नाही. इंग्रजांनी १८२५ साली खानदेशात भिल्लांसाठी अशाच 'एजन्सी' काढल्या होत्या.)

आता कायदा ऐका. १७९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे त्यांच्या लोकसभा-राज्यसभेनं, आपल्याकडचा पक्ष नव्हे, एक कायदा केला. राष्ट्राध्यक्षानं इंडियन लोकांना गुरं, अवजारं, माल, पैसा द्यावा, आणि त्यांच्यात राहायला एजंट नेमावेत. पण भेटी आणि एजंटांचा मोबदला, दोन्ही मिळून वर्षाला २०,००० डॉलरच्या वर खर्च जाता कामा नये. १७९६ साली ही मर्यादा १५,००० वर आणली. १८०२ च्या कायद्यात तीच कायम राहिली. ही रक्कम एकट्या चेरोकींची नव्हती, सगळ्या जमाती मिळून होती.

समजलं का? अवजारं आणि साहेब एकाच हंड्यातले. साहेबाच्या ताटात एक डाव जास्त पडला की आदिवासीच्या ताटातला एक डाव कमी. साहेब वाढले की चरखे घटले. आणि वर सांगायचं की एवढा खर्च आम्ही इंडियन लोकांच्या सुधारणेसाठी करतो! 'आदिवासींसाठी' म्हणून लिहिलेल्या पैशातून जीप घेतलेली आणि बंगल्याला रंग दिलेला आपण पाहिलाय. ही युक्ती जुनी आहे, दोनशे वर्षांची.

आणखी एक हिशेब करा. इंडियन लोकांशी करार करायला जे कमिशनर जात त्यांच्यासाठी १७८९ साली काँग्रेसनं दर बांधला होता: कामाच्या दिवसाला ८ डॉलर, शिवाय खर्च वेगळा. १२५ दिवसांचे होतात १००० डॉलर. म्हणजे एका कमिशनरची चार महिन्यांची रोजी, आणि होल्स्टनच्या करारात साऱ्या चेरोकी जमातीला जमिनीबद्दल मिळालेलं वर्षभराचं दाम, बरोबर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

पगाराचं भांडण

एवढं असून एजंट खूश होते का? नव्हते. १८१८ सालापर्यंत एजंटाचा पगार कायद्यानं ठरलेला नव्हता. युद्धखातं ठरवील तो. मग भांडणं. मी अमक्या तारखेपासून काम केलं, तुम्ही तमक्या तारखेपासून का धरलं? मी पदरचं खर्चून दुभाषा ठेवला, आलेल्या पुढाऱ्यांना जेवू घातलं, त्याचे पैसे कोण देणार? कचेरी म्हणणार, पावती दाखव. पावती नसेल तर रक्कम छाट. एजंट परत लिहिणार. कचेरी नाकारणार. शेवटी एजंट, नाहीतर तो मेल्यावर त्याचे वारस, काँग्रेसकडे अर्ज करणार. १८१८ साली काँग्रेसनं एजंटांचे पगार कायद्यात लिहिले तेव्हा निदान दर तरी ठरला.

आम्ही याला हसत नाही. मजुरी थकली की माणूस ओरडणारच. रोजगार हमीच्या हजेरीपटावर अंगठा असून पैसे न मिळणं काय असतं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. एजंटालाही पोट होतं. त्याचा पगार बुडावा असं आम्ही म्हणत नाही.

आमचं म्हणणं वेगळं आहे. त्याच्या दाव्याला दार होतं. युद्धखातं ऐकत नाही तर काँग्रेस. १८५५ साली तर सरकारवरच्या दाव्यांसाठी वेगळं कोर्टच उघडलं, कोर्ट ऑफ क्लेम्स. सरकारकडं पैसे अडकलेला गोरा नागरिक तिथं जाऊ शकत होता. आणि चेरोकी? त्यांचे दावे करारातून निघालेले. १८६३ साली काँग्रेसनं कायद्यात लिहून टाकलं की इंडियन जमातींच्या करारातून निघालेले दावे या कोर्टानं ऐकायचे नाहीत. म्हणजे जमातीला दाद मागायची तर आधी काँग्रेसच्या पाया पडून प्रत्येक वेळी खास कायदा करून घ्यायचा, मग कोर्टाची पायरी चढायची. ज्यानं जमीन घेतली त्याचीच परवानगी, त्याच्यावर फिर्याद करायला!

एजंटाचं भांडण चार पैशांचं असलं तरी त्याच्यासाठी दार. जमातीचं भांडण लाखांचं असलं तरी तिच्यासाठी कडी.

घोडा पन्नास डॉलरचा

१७९४ च्या करारात आणखी एक कलम होतं. चेरोकीनं गोऱ्याचा घोडा चोरला आणि तीन महिन्यांत परत आला नाही, तर जमातीच्या वर्षासनातून ५० डॉलर कापायचे. चोर एक, दंड साऱ्या जमातीला. ५००० चं वर्षासन, १०० घोड्यांत खलास.

आणि गोऱ्यानं चेरोकीचा घोडा चोरला तर? कायद्यात त्यालाही भरपाई लिहिली होती. पण शाबित कोण करणार? गोऱ्याच्या कोर्टात इंडियन माणसाची साक्ष उभी राहत नसे. जॉर्जिया राज्यानं तर १८२९ साली तसा कायदाच केला. डोळ्यांदेखत घोडा नेला, घर पेटवलं, तरी पाहणारा चेरोकी असेल तर ते कुणी पाहिलंच नाही असं धरायचं. गार्डनं लिहिलेला पंचनामा खरा आणि पाच गावकऱ्यांचं सांगणं खोटं, हे आपण रोज बघतो.

त्यावर उधारीचा फास. सरकारनं चेरोकी मुलखात टेलिकोला आपलं दुकान काढलं होतं. १८०३ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसन यानं आपल्या एका गव्हर्नरला खाजगी पत्रात लिहून ठेवलंय, त्याचा मतलब असा: इंडियन लोकांतल्या वजनदार माणसांवर कर्ज चढू द्यावं, कर्ज डोईजड झालं की ती जमीन देऊन मोकळे होतील. आपल्याकडं सावकारानं पाडे गिळले ते सावकाराच्या बुद्धीनं. तिथं ती बुद्धी राष्ट्राध्यक्षाची होती.

चांगला साहेब

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. साहेब चांगला असला तर?

आधी वाईटाचं सांगून टाकतो. विल्यम ब्लाउंट हा त्या भागाचा गव्हर्नर, आणि तोच इंडियन लोकांचा वरिष्ठ अधिकारी. धंदा काय? जमिनीची सट्टेबाजी. होल्स्टनचा करार यानंच केला. पुढं तो सीनेटर झाला आणि १७९७ साली एका कटापायी सीनेटनं त्याला हाकलून दिलं. त्याच्या आधीचा जोसेफ मार्टिन, होपवेलच्या करारावर सरकारतर्फे सही करणाऱ्यांतला, हाही व्हर्जिनिया राज्याचा एजंट असताना जमिनीच्या व्यवहारांत गुंतलेला. कुंपणच शेत खाणारं. अशा साहेबांबद्दल वाद नाही, त्यांना कागद द्या असं कुणीच म्हणणार नाही.

वाद रिटर्न मेग्ज याच्याबद्दल आहे. (हो, त्याचं नावच रिटर्न.) १८०१ साली साठीच्या वयात तो चेरोकींचा एजंट झाला आणि १८२३ साली मरेपर्यंत, बावीस वर्षं, तिथंच राहिला. म्हातारा मनमिळाऊ. चेरोकींच्या तक्रारी लिहून घ्यायचा, घुसलेल्या गोऱ्यांना हाकलायला शिपाई पाठवायचा. त्याच्या मरणाची गोष्ट सांगतात ती अशी: ऐन हिवाळ्यात एक वृद्ध चेरोकी पुढारी भेटीला आला, मेग्जनं आपली खोली त्याला दिली आणि स्वतः तंबूत झोपला. थंडी भरली, त्यातच गेला. वय ८२. असा साहेब आपल्या तालुक्याला मिळाला तर आपणही त्याला मानूच.

पण त्याच मेग्जनं काय केलं तेही ऐका. १८०५ साली त्यानं आणि डॅनियल स्मिथ यानं टेलिकोला चेरोकींशी करार केले. मोठा मुलूख गेला. करारात काही जमिनीचे तुकडे वेगळे राखले होते, दाखवायला एका कारणासाठी. खरं कारण गुप्त कलमात होतं: ते डबलहेड नावाच्या चेरोकी पुढाऱ्याच्या फायद्याचे होते. जमातीची जमीन सरकारला मिळवून देण्याबद्दल एका माणसाचं तोंड गोड केलं. आणि १८०८ च्या सुमारापासून हाच भला मेग्ज चेरोकींनी सगळा मुलूख सोडून मिसिसिपी नदीच्या पलीकडं जावं असं पटवू लागला. त्यांच्या भल्यासाठीच, बरं का.

तो ढोंगी होता असं आम्ही म्हणत नाही. तो नोकर होता. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. पगार युद्धखात्याचा, हुकूम युद्धखात्याचा, त्याच्या कामाचं माप म्हणजे किती जमीन मिळवली. त्याचा जीव चेरोकींवर असेलही, पण त्याची सही सरकारची होती.

हरवलेला करार

आता जे सांगतो ते नीट ऐका. सगळं उत्तर यात आहे.

ऑक्टोबर १८०४. टेलिकोलाच मेग्ज आणि डॅनियल स्मिथ यांनी चेरोकींशी आणखी एक करार केला. जॉर्जियाच्या कडेला एका पट्ट्यात गोरे आधीच घुसून बसले होते, वॉफर्डची वस्ती म्हणत. तो पट्टा चेरोकींनी सोडला. बदल्यात ५००० डॉलर, आणि शिवाय वर्षाला १००० डॉलर वर्षासन. सह्या झाल्या. कागद वॉशिंग्टनला गेला. आणि गेला तो गेलाच. सीनेटपुढं आलाच नाही. जमीन गोऱ्यांकडं राहिली आणि वर्षासन आलं नाही. एक वर्ष नाही, दहा वर्षं नाही, एकोणीस वर्षं होऊन गेली.

या सगळ्या काळात एजंट कोण होता? मेग्ज. ज्याची त्या करारावर सही होती तोच.

१८२४ च्या सुरुवातीला चेरोकींचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं. जॉन रॉस, जॉर्ज लाउरी, मेजर रिज, एलायजा हिक्स. म्हणाले, आमचं वर्षासन थकलंय. युद्धमंत्री कॅलहून याच्या कचेरीनं दप्तर पाहिलं आणि सांगितलं, असा करारच आमच्याकडं नाही. मेग्जला विचारावं तर तो वर्षापूर्वी वारलेला. चांगला साहेब होता, पण साक्षीला नव्हता.

तेव्हा चेरोकींनी आपली प्रत टेबलावर ठेवली. कराराची जोडप्रत, मेग्ज आणि स्मिथ यांच्या सह्यांसकट. वीस वर्षं जपलेली. सरकारच्या दप्तरात हरवलेला कागद डोंगरातल्या लोकांकडं सापडला. राष्ट्राध्यक्ष मन्रो यानं तो सीनेटकडं धाडला आणि मे १८२४ मध्ये, वीस वर्षांनी, करार मंजूर झाला.

आणि हेही ऐका. १८०४ साली चेरोकी भाषेला लिपीच नव्हती. सेक्वोया नावाच्या चेरोकी माणसानं ती १८२१ च्या सुमारास पुरी केली. म्हणजे ज्यांनी हा कागद जपला त्यांच्या गावांत तो वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वाचता येत नव्हता, तरी जपला. आपल्या म्हाताऱ्यांनी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत, मडक्यात, छपराच्या वाशाला गुंडाळून ठेवल्या, तशा.

त्यांनी ती प्रत १८०४ सालीच "साहेब चांगला आहे" म्हणून मेग्जकडं ठेवायला दिली असती तर? तीही मूळ कागदाच्याच वाटेनं जायची. मेग्जनं मुद्दाम हरवली नसती. पेटी बदलली, कचेरी हलली, साहेब मेला, दुसरा आला, त्यानं झाडून काढलं. कचेरीत कागद मरायला कुणी वाईट असावं लागत नाही.

अर्ध्या डॉलरची वाटणी

यातून चेरोकी शिकले. १८०९ साली त्यांनी आपली तेरा जणांची समिती केली. आपला खजिना केला, वर्षासन त्यात जमा करायचं ठरवलं. १८२७ साली घटना लिहिली. १८२८ साली आपल्या लिपीत छापखाना घालून 'चेरोकी फिनिक्स' हे वर्तमानपत्र काढलं. तुमच्या हातात आहे हे बुलेटिन त्याच जातकुळीचं, फक्त आमची शाई जास्त पसरते.

सरकारला हे खुपलं. १८३० साली अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष असताना इंडियन लोकांना पश्चिमेला हलवण्याचा कायदा झाला, आणि त्याच सालच्या जून महिन्यात युद्धखात्यानं हुकूम काढला: वर्षासन आता जमातीच्या खजिन्यात द्यायचं नाही, एकेका माणसाला वाटायचं. ऐकायला किती चांगलं! मधले पुढारी नकोत, पैसा थेट गरिबाच्या हातात. प्रत्यक्षात माणशी अर्धा डॉलरही येत नव्हता, आणि तो घ्यायला डोंगर उतरून एजंटाच्या कचेरीपर्यंत पायपीट. खजिन्यात मात्र तोच पैसा एकत्र आला असता तर त्यातून वकील लागत होता, कोर्ट लढवता येत होतं, छापखाना चालत होता. सरकारला तेच बंद पाडायचं होतं.

चेरोकींनी काय केलं? अर्धा डॉलर घेतला नाही. पैसा पडून राहिला, लोकांनी त्याला हात लावला नाही. वर्गणी काढून कोर्ट लढवलं आणि १८३२ साली सुप्रीम कोर्टात जिंकलेसुद्धा. निकाल होता, जॉर्जियाचे कायदे चेरोकी मुलखात चालत नाहीत. जॉर्जियानं निकाल मानला नाही, जॅक्सननं तो अमलात आणला नाही.

हाकलण्याचं बिल

१८३५ च्या डिसेंबरात न्यू एकोटा इथं सरकारनं मूठभर चेरोकींच्या सह्या घेतल्या. ५० लाख डॉलरला सारा मुलूख. जमातीच्या निवडलेल्या सभेची त्याला मंजुरी नव्हती. विरोधाच्या अर्जावर १५ हजारांहून जास्त नावं होती. तरी सीनेटमध्ये एका मताच्या फरकानं करार पास झाला. १८३८ साली शिपाई आले, लोकांना घरांतून काढून छावण्यांत कोंडलं, आणि मग शेकडो मैल पश्चिमेला. सुमारे १६ हजार लोक होते. त्यातले अंदाजे ४ हजार मेले, छावणीत, वाटेत, थंडीनं, रोगानं.

आणि हिशेब? हाकलून देण्याचा खर्च सरकारनं त्यांच्याच जमिनीच्या पैशातून वळता केला. गाड्यांचं भाडं, रेशन, सगळं चेरोकींच्या नावावर. घर पाडायला आलेल्या जेसीबीचं भाडं घरवाल्याकडून!

चेरोकींनी हा हिशेब कधी मान्य केला नाही. बापानं मुलाला सांगितलं, मुलानं नातवाला. १९०२ साली कुठं काँग्रेसच्या कायद्यानं कोर्टाचं दार किलकिलं झालं. १९०६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हा खर्च कापायला नको होता. ११ लाख डॉलरच्या वर रक्कम, १८३८ पासूनच्या व्याजासकट द्या. ६८ वर्षं! ज्यांच्या पायांना फोड आले होते त्यांतलं क्वचितच कुणी उरलं असेल. वाटणीच्या यादीसाठी सुमारे ४६ हजार अर्ज आले, ३० हजारांच्या आसपास माणसं पात्र ठरली. वकिलांचा वाटा वजा जाऊन जे उरलं ते त्यांना.

पण मिळालं. का मिळालं? ६८ वर्षं कुणीतरी हिशेबाची वही सोडली नाही म्हणून.

घरातलेही

एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय हे पान पुरं होणार नाही. चेरोकी सगळेच धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्यातल्या श्रीमंतांनी काळी माणसं गुलाम म्हणून राबवली. जमीन विकून खाणारा डबलहेड त्यांच्यातलाच. त्याला १८०७ साली चेरोकींनीच मारलं, मारणाऱ्यांत रिज होता. आणि २८ वर्षांनी न्यू एकोटाच्या करारावर त्याच रिजनं आपली खूण केली. १८३९ साली तोही तसाच मारला गेला. १८२४ साली जोडप्रत घेऊन वॉशिंग्टनला गेलेल्या चौघांतला तो एक, हे विसरू नका. कुणाला मारून प्रश्न सुटला नाही, मधे माणसं तेवढी गेली. म्हणून आम्ही म्हणतो, कागद एका पुढाऱ्याच्या हातातही नको. संघटनेच्या कार्यकर्त्याच्या हातातही नको, त्यात आम्हीही आलो.

म्हणून आमचं उत्तर

साहेब चांगला आहे तर त्याला राम राम करा, पाणी द्या, त्याचं चांगलं वागणं चारचौघांत बोलून दाखवा. मूळ कागद देऊ नका.

मूळ कागद गावाचा. नक्कल द्या, आणि दिलेल्या नकलेवर पोच घ्या, सही-शिक्का-तारखेसकट. जो साहेब खरा चांगला असेल त्याला पोच द्यायला जड जाणार नाही.

गावाची एक वही ठेवा. कुणाचा कोणता कागद, किती सालचा, कुणाच्या घरी, नक्कल कुणाला कधी दिली. वही दर बैठकीत मोठ्यानं वाचा, म्हणजे एका घराला आग लागली तरी गावाला पाठ असेल.

आपल्या नावावर पैसा आला असं कळलं की विचारा: त्यातला साहेबांवर किती, आमच्यावर किती? एकाच हंड्यातलं आहे का वेगळं? विचारायला लाजू नका. एजंट स्वतःच्या पगारासाठी काँग्रेसपर्यंत जायला लाजले नाहीत.

आणि कुणी "पुढारी नको, थेट तुझ्या हातात देतो" म्हणून अर्धा डॉलर पुढं केला, तर तो घेण्याआधी गावाला विचारा.

ज्या गावानं प्रश्न विचारला त्याचे आम्ही आभार मानतो. ज्या गावानं "नाही द्यायचे" म्हटलं त्याच्या बाजूनं आम्ही आहोत. आणि जे गाव गप्प बसलं त्यानं पुढच्या बैठकीत बोलावं. येताना वही घेऊन या.

साहेब बदलेल, कचेरी हलेल,
गावचा कागद गावातच राहील!
जमीन आमची, हिशेबही आमचा!